हबसाणचे वकिलास पाट मिळाला त्याची हकीकत

श्री. पाटावर बसोन सर्वांचे ऐकून घेणारे गजानन, त्यांस नमन करून लिहितो. शके सोळाशे नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, समुद्रकिनारी कोणे एके राज्यी वर्तमान घडले ते ऐसे जे, दरबारची रीत होती, बसेल त्याने बोलावे आणि उभा राहील त्याने नुसते ऐकावे. टोपीकरांचे वकील येत त्यांस गादी, लोड, आणि ते बोलत आणि महाराज माना डोलवीत. समुद्रापलीकडील हबसाण मुलखाचे वकील तेस्फा येत त्यांस खांबाजवळ उभे करीत, आणि हबसाणचे तांबे आपण म्हणू त्या भावे घ्यावे, त्यांचे गलबतांस मात्र दुप्पट जकात असावी, ऐसा तह त्यांचेच देखत ठरे. त्याच खांबाचे दुसरे अंगास आम्ही, दरबारचे लिहिणार, उभ्याने लिहीत असू. जन्म गेला, पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या, परंतु आम्हांस बसा म्हणणारा कोणी निपजला नाही. हे वाचणाराने ध्यानी ठेवावे.

तो कोळीवाड्यात येसू तांडेलीण म्हणोन होती. तिचे दादल्याचे तारू हबसाणचे किनारी फुटले, तेव्हा तेथील लोकांनी माणसे उचलोन घरी नेली, बाजेवर बसविली, जेवू घातले. ती दारोदार हिंडो लागली आणि म्हणे, "आमची मान्सं त्यानी बाजेवर बसवली, आन आमचा राजा त्यांच्या वकिलाला उभा ठेवतो. लाज आपल्याला हाय." मग कोळणी निघाल्या, आणि मग साळी आले, तांबट आले, आणि ठरले की दरबारी आसन नसेल तर रयतेने घरचे पाट न्यावे. त्याच अटींचे नव्या तहावर शिक्का व्हावयाचा त्या दिवशी सारे गाव काखेत पाट घेऊन दरबारात शिरले. परक्यासाठी एवढे गाव लोटले हे पाहोन आमचे पोटात दुखो लागले. आणि पाहतो तो आघाडीस आमचे कुटुंब यमुनाबाई, आणि त्यांचे काखेत आमचाच पाट, सागवानी, पितळी फुल्यांचा, ज्यावर आम्ही रोज जेवतो तो. त्यांनी तो खांबाजवळ मांडिला आणि तेस्फांस म्हणाल्या, "बसा, दादा." दिवाणजी गादीवरून म्हणाले, आसन सरकारचे नव्हे. येसू आपला पाट मांडोन बसली आणि म्हणाली, "रीत बसायची हाय, कोनाच्या पाटावर ती नाय." मग तेस्फा बसले आणि बोलते झाले, "आमचे तांब्याचा भाव आम्हांस विचारावा, आणि जकात उभयतांस सारखी असावी. अधिक काही नको." महाराजांनी रयतेकडे पाहिले, पाटांकडे पाहिले, आणि तो तह फाडोन तेस्फा म्हणाले तैसा लिहावयाची आज्ञा जाहली. हे सर्व आम्ही उभ्याने लिहिले.

घरी येऊन भुईवर जेवावयास बसलो आणि जळफळोन बोललो की, घरचा धनी जन्मभर उभा, त्यास पाट न सुचला, परक्यास बरा सुचला. यमुनाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "तुम्हांलाही आणला असता. पण बसून तुम्ही बोलला काय असता?"

आम्ही पुष्कळ आठविले. भात निवोन गेला, काही आठवेना.

सारांश, हबसाणास न्याय मिळाला, येसूचे नाव झाले, आणि पाट अद्याप दरबारीच आहे. आम्ही भुईवर जेवतो आणि खांबाजवळ उभे राहोन लिहितो. बोलावयाचे सुचले म्हणजे पाट मागू. तूर्त बोरू खाली ठेविला.