प्रमुख, निर्गमन अनुभव

सदर गृहस्थ दाराच्या मुठी घडवीत असत. बावीस वर्षे त्यांनी मुठींचे आराखडे काढले आणि कारखान्यातल्या बाकावर बसून कानशीने स्वतः नमुने घासले. संधिवाताच्या हातालाही सहज फिरवता येईल अशी मूठ त्यांनी केली, तेव्हा कारखान्याने त्यांचा सत्कार केला. पुढच्याच महिन्यात मुठींचा विभाग बंद झाला. आता दारे आपोआप उघडणार होती.

मग एका व्यायामाच्या ॲपवाल्या कंपनीने त्यांना बोलावले. संचालकबाई म्हणाल्या, "लोक दारापाशी नेमके कुठे अडतात, याचा तुमच्याइतका अभ्यास कुणाचा नाही. आम्हाला तोच हवाय. फक्त उलट्या बाजूने."

पद होते 'प्रमुख, निर्गमन अनुभव'. काम एवढेच, की खाते बंद करून जाणाऱ्यांची संख्या घटावी. पहिल्या तिमाहीत त्यांनी 'खाते बंद करा' हे बटण फिकट केले. दुसऱ्या तिमाहीत ते चार पाने आत नेले. तिसऱ्या तिमाहीत तिथे प्रश्न घातला, 'न जाण्याचा निर्णय आपण रद्द करू इच्छित नाही ना?' याचे उत्तर हो द्यावे की नाही, हे खुद्द त्यांनाही सांगता येईना. त्यांना उपाध्यक्ष करण्यात आले.

अशात त्यांच्या मावशीचा फोन आला. मावशीनेच त्यांना लहानाचे मोठे केले होते.

"अरे, तुझे काका जाऊन दोन महिने झाले. तरी रोज सकाळी त्यांच्या फोनवर येतं, 'आज पुन्हा आळस केलात.' तेवढं बंद कर ना."

"फोनच बंद ठेव की, मावशी."

"त्यात त्यांचा आवाज आहे रे."

ते स्वतः काकांचे खाते बंद करायला बसले. चार पाने ओलांडली, प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन पाहिली. शेवटी सूचना आली, 'खातेदाराने कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावावेत.' त्यांनी मदतकक्षाला फोन लावला.

"सर, खातेदारांना एकदा समक्ष यायला सांगा."

"ते वारलेत."

"हरकत नाही सर, सवडीने येऊ द्या."

ते तडक संचालकबाईंकडे गेले. बाईंनी तक्ते पाहिले. "मृत खातेदार आपल्याला सोडून गेल्याची एकही नोंद नाही. त्यांना आपण 'अतिनिष्ठावंत' वर्गात घेतलंय. हे तुमचंच यश आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या अधिकारात पहिल्याच पानावर तळहाताएवढे ठळक बटण बसवले. एकदा दाबले की खाते बंद. प्रश्न नाही, डोळे मिचकावणे नाही. कचेरीत हाहाकार उडाला. त्यांना तत्काळ बडतर्फ करायचे ठरले. पण कर्मचाऱ्यांच्या निर्गमनाची पद्धतही त्यांनीच आखलेली असल्याने तिला चार महिने लागणार होते.

आठवड्याने आकडे आले. सोळा लाख खातेदारांपैकी ते बटण एकीने दाबले होते. मावशीने. बाकीच्यांचे म्हणणे पाहणीत एकमुखी निघाले, 'इतकं सोपं आहे म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार.'

बाईंनी बटण कायम केले आणि त्यांना संचालक मंडळावर घेतले. मावशी आता सकाळी निवांत काकांचा आवाज ऐकते.

ते बटण अजून तिथेच आहे. तुम्हीही ते पाहिले आहे. अंगठा त्याच्यावर नेलाही होतात. मग मागे घेतलात, कारण येत्या सोमवारपासून तुम्ही व्यायाम नक्की सुरू करणार आहात.