चाळणीने टाकलेलं तळं

निर्णय कसा घ्यावा हे लोकांनी माझ्याकडून शिकावं, असं माझं प्रामाणिक मत होतं. मी मातीपरीक्षण प्रयोगशाळेत काम करतो. हजारांश ग्रॅमपर्यंत माती तोलायची आणि आकडा वहीत लिहायचा, हा माझा धंदा. आमचे साहेब मला 'तराजू' म्हणतात, आणि ते कौतुकानेच म्हणतात असं मी धरून चाललो आहे. असा माणूस दोन विद्यापीठांतून एक निवडताना गडबडेल का? छे!

तर झालं असं, की वयाच्या सदतिसाव्या वर्षी मला पीएचडीसाठी दोन विद्यापीठांनी बोलावलं. शिष्यवृत्ती दोन्हीकडे सारखी, राहायला घरही दोन्हीकडे. एकाच्या पत्रावर तळ्याचं चित्र होतं, दुसऱ्याच्या पत्रावर घड्याळाच्या मनोऱ्याचं. त्यामुळे घरात त्यांची नावं तळं आणि मनोरा अशीच पडली.

तळ्याला एक प्राध्यापक बाई होत्या. त्यांनी आख्खं आयुष्य गांडुळांवर काढलं होतं. हसू नका. गांडूळ हा माझा जीव की प्राण आहे. गच्चीवर दोन पिंपांत मी सहा वर्षं गांडुळं पाळतोय, त्यांची रोजनिशी लिहितोय, आणि ती रोजनिशी वाचून मला पत्र पाठवणारी जगातली एकमेव व्यक्ती म्हणजे या बाई. मनोऱ्याचं नाव मात्र फार मोठं. तिथे मातीचा अभ्यास यंत्रं करतात. माणसाने बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं.

रविवारी मी कागदावर दोन रकाने आखले आणि गुण दिले. तळं एकाहत्तर, मनोरा अठ्ठावन्न. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "दुखरे गुडघे सगळीकडे असतात, मला कुठेही काम मिळेल. तळ्याला जाऊ या." लेकीला तळ्यातली बदकं हवी होती. सगळ्यांचं एकमत! उत्तर शुक्रवारी पाचपर्यंत द्यायचं होतं. खरं तर त्याच क्षणी देऊन मोकळा व्हायला हवं होतं मी. पण घाई करेल तो तराजू कसला.

इथे चाळणीची ओळख करून द्यायला हवी.

चाळणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, अजून लग्न व्हायचंय. तो माती चाळतो, म्हणून चाळणी. आमच्याकडे नियम असा, की प्रत्येक नमुना दोघांनी वेगवेगळा तोलायचा, एकमेकांचा आकडा न बघता. आधी तो, मग मी. दोन्ही आकडे जुळले तरच अहवाल बाहेर जातो. सहा वर्षांत आमचे आकडे एकदाही चुकलेले नाहीत. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला हे अभिमानाने सांगतात. आता तुम्ही आपलेच म्हणून तुम्हाला सांगतो. चाळणीची वही उघडीच असते, आणि माझी नजर चांगली आहे.

आता चाळणीचा मला हेवा वाटायचा का? वाटायचा. सरळ सांगतो, पोटात दुखायचं. साहेब चहाला त्याला आधी हाक मारायचे. माझी बायको म्हणायची, "किती नीटनेटका मुलगा आहे." आणि एक गोष्ट तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्याच पिंपातली मूठभर गांडुळं त्याने मागून नेली, आणि वर्षभरात त्याची गांडुळं माझ्यापेक्षा जाड झाली.

त्यानेही याच दोन ठिकाणी अर्ज केले होते. आमच्या शिफारसपत्रांवर साहेबांनी एकाच दिवशी सह्या केल्या होत्या. सोमवारी मी सहज विचारल्यासारखं केलं.

"काय रे, कळलं का काही?"

"बघू या, दादा," तो म्हणाला आणि चाळणी हलवायला लागला.

नकार आलेला माणूस इतका शांत राहील का? मी तर आठवडाभर आजारी पडलो असतो. म्हणजे याला दोन्हीकडून होकार आलाय आणि हा मला सांगत नाही. आतल्या गाठीचा माणूस!

त्याच संध्याकाळी मी घरी निघालो, तर कापडाच्या दुकानात आरशासमोर चाळणी उभा. अंगात जाडजूड लोकरीचा कोट. मी पटकन आत शिरलो आणि एका स्टँडमागे उभा राहिलो. चाळणी हात वर करून, वाकून, पुन्हा सरळ होऊन कोट तपासत होता. "खांद्यात सैल हवा," तो दुकानदाराला सांगत होता, "वाकून काम करायचं असतं." आमची दोघांची चण एकच, त्यामुळे तो कोट मलाही किती छान दिसला असता ते मला तिथूनच कळत होतं. पण मुद्दा तो नाही. मनोऱ्याच्या गावात बारा महिने घाम आणि तळ्याला हाडं गोठवणारी थंडी. कोट म्हणजे तळं! माझं तळं, माझ्या बाई, माझी गांडुळं!

"तुम्हाला काय दाखवू?" मागून दुसरा विक्रेता.

"काही नाही, बघतोय."

"हे दोन वर्षांच्या मुलींचे फ्रॉक आहेत."

चाळणीने वळून बघायच्या आत मला तिथून सुटायचं होतं, म्हणून एक फ्रॉक घेतला. लेक आठ वर्षांची आहे. तिने तो बाहुलीलाही मोठा होतो का ते बघितलं आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

मंगळवारी तळ्याच्या बाईंचा फोन आला. आवाजात इतकी माया, की मी खुर्चीत सावरून बसलो. "तुमच्या रोजनिशीचं चौथं पान मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. माझे कान गरम झाले. मग म्हणाल्या, "गंमत म्हणजे तुमच्याच प्रयोगशाळेतून आणखी एक अर्ज आलाय. फार सुरेख निरीक्षणं आहेत. तुमचं उत्तर लवकर कळलं तर मला पुढचं ठरवता येईल."

"त्याची गांडुळं मूळची माझी आहेत," मी म्हणालो.

"हो का," बाई म्हणाल्या.

मी दिवसभर धुसफुसत होतो. म्हणजे बाईंना तोही आवडला होता. उद्या आम्ही तिथेही शेजारीशेजारी बसणार, तिथेही त्याची गांडुळं जाड होणार आणि चौथं पान सोडून बाई त्याचं पाचवं पान वाचणार. तरीही, खोटं कशाला बोलू, मला तळंच हवं होतं. चाळणीला टक्कर देईन पण तळ्यालाच जाईन, असं मी मंगळवारी ठरवलं होतं.

बुधवारी सगळं उलटलं. आमचा प्रिंटर चाळणीच्या टेबलाशेजारी आहे. मी एक अहवाल आणायला गेलो, तर त्याच्या टेबलावर नकाशा. मनोऱ्याच्या गावाचा! विद्यापीठाच्या घरांवर लाल खूण. एका शाळेवर लाल खूण. याचं अजून लग्न नाही आणि शाळा बघून ठेवली. केवढा पुढचा विचार! एका दवाखान्यावरसुद्धा लाल खूण होती.

"हे काय रे?"

चाळणीने नकाशावर झटकन फाइल ठेवली. "काही नाही, दादा. असंच." त्याचे कान लालबुंद झाले होते.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला तळ्याचा होकार आहे. त्यासाठी कोटही घेऊन झाला. आणि आता हा तळं सोडून मनोऱ्याला चाललाय. म्हणजे चाळणीला जे तळं पुरत नाही, त्या तळ्यावर मी समाधान मानायचं? त्याने टाकलेलं मी उचलायचं? पाच वर्षांनी हा मनोऱ्याचा डॉक्टर होऊन येणार, साहेब त्याला गेटापर्यंत सोडायला जाणार आणि मला विचारणार, "तराजू, तुमचं ते तळं नक्की कुठे आलं हो?"

गुरुवारी मी नवा तक्ता केला. त्यात 'नावाचा दबदबा' हा रकाना घातला आणि मनोऱ्याला वीस गुण दिले. 'यंत्रं' हे आधी उण्यात होतं ते अधिकात घेतलं. मनोरा चौऱ्याण्णव, तळं एकावन्न. बायकोने चष्मा लावून कागद वाचला.

"बदकं उण्यात कशी आली?"

"चावतात."

"तुला खरंच मनोरा हवाय?"

"माणसाने मोठा विचार करावा."

तिने चष्मा काढून कागद मला परत दिला. "आयुष्य तुझं आहे, पाच वर्षं तुला काढायची आहेत," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली. मी तिच्या मागे गेलो नाही, कारण तिने आणखी एक प्रश्न विचारला असता.

शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी मी संगणकावर दोन बटणं दाबली. तळ्याला नाही, मनोऱ्याला हो. छातीत काहीतरी एकदम रिकामं झालं. म्हटलं, जिंकल्यावर असंच वाटत असेल.

सोमवारी प्रयोगशाळेत पाऊल टाकतो तर सगळे उभे. साहेब, टायपिस्ट बाई, ड्रायव्हर, झाडून सगळे. आणि चाळणी धावत आला, त्याने मला मिठी मारली आणि चक्क रडायला लागला.

"दादा, तुम्ही माझ्यासाठी तळं सोडलंत!"

मी त्याच्या पाठीवर थोपटलं. दुसरं काय करणार, मला काही कळतच नव्हतं.

मग कळलं. मनोऱ्याने त्याला महिन्यापूर्वीच नकार दिला होता. तळ्याला एकच जागा, ती माझी, आणि प्रतीक्षायादीत पहिला चाळणी. शुक्रवारी मी नाही म्हटल्याबरोबर बाईंनी त्याला फोन केला होता.

"अरे, मग मला बोलला का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज जरा चिरका निघाला.

"कसं बोलणार, दादा? तळ्यावर तुमचा किती जीव आहे ते मला माहीत नाही का? सांगितलं असतं तर तुमच्या मनावर ओझं आलं असतं. आणि तुम्ही मात्र न सांगताच ओळखलंत."

टायपिस्ट बाईंनी डोळे पुसले. साहेबांनी तिथल्या तिथे भाषण केलं. "तराजू," ते म्हणाले, "आज मला कळलं की तुमच्या एका पारड्यात सोनं आहे." टाळ्या झाल्या. मलाही दोन शब्द बोलायला लावलं. मी म्हणालो, की आपल्या माणसाचं भलं झालं की आपल्याला जे वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. हे मात्र अक्षरशः खरं होतं.

मग चाळणीने खोकं पुढे केलं. आत लोकरीचा कोट.

"आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला होता. तुम्ही तळ्यालाच जाणार अशी खात्री होती ना. आपली चण सारखी म्हणून मीच घालून बघितला."

कोट खरोखरच सुंदर होता. खांद्यात सैल. मनोऱ्याच्या गावाला बारा महिने घाम. सगळे माझ्याकडे बघत होते.

"तूच ठेव," मी म्हणालो, "तुला लागेल." पुन्हा टाळ्या! टायपिस्ट बाईंना तर आता पाणी द्यावं लागलं.

घरी येऊन मी बायकोला नकाशाचं विचारलं.

"मीच सांगितलं होतं त्याला छापायला," ती म्हणाली. "दोन्ही गावांचे. शाळा बघ, माझ्यासाठी दवाखाना बघ म्हटलं. तुला सांगू नकोस असंही म्हटलं होतं, नाहीतर तुझ्या तक्त्यात लुडबूड केली म्हणाला असतास."

"दोन्ही गावांचे? मग तळ्याचा कुठेय?"

तिने फ्रिजकडे बोट दाखवलं. तळ्याचा नकाशा तीन आठवडे तिथे लावलेला होता. शाळेवर लाल खूण, दवाखान्यावर लाल खूण, आणि जिथे बदकं होती तिथे लेकीने काढलेलं बदक. मी रोज त्याच फ्रिजमधून दूध काढत होतो.

"खरं सांग," बायकोने विचारलं, "त्याच्यासाठी सोडलंस?"

आख्ख्या जगात एका माणसाशी तरी खरं बोलावं म्हणून मी मान हलवली. नाही. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

प्रयोगशाळेतल्या माझ्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी शेवटचा नमुना तोलला. त्या दिवशी मी ठरवून त्याच्या वहीकडे पाठ केली. निदान एकदा तरी आपल्या डोळ्यांनी तोलायचं होतं. माझ्या आधी चाळणीने माती बशीत ठेवली, आकडा घेतला, बशी रिकामी केली, पुसली, पुन्हा माती ठेवली, पुन्हा आकडा घेतला आणि मग वहीत लिहिला. हे मला समोरच्या कपाटाच्या काचेत दिसत होतं.

"दोनदा का तोलतोस रे?"

तो जरासा लाजला. "पहिल्यापासूनच, दादा. एकदा माझं आणि एकदा तुमचं. म्हटलं, तुम्ही माझ्याच वहीवरून घेता, मग माझं चुकलं तर तुमचंही चुकेल."

सहा वर्षं!

आता मी मनोऱ्याला असतो. घाम पुसत बटण दाबतो आणि बाजूला होतो. चाळणीचं दर महिन्याला पत्र येतं. कोट छान ऊब देतो, बाई माझी आठवण काढतात, बदकं चावत नाहीत. गेल्या पत्रात फोटो होता. त्याने गांडुळांचा नवा वाफा केलाय आणि त्यावर पाटी लावलीय, 'तराजूदादा'.

गांडुळं पुन्हा जाडच दिसत होती. मी भिंग लावून बघितली.