बिनमाणसांचा पडदा

महिनाभर जीव आटवून एखादी वस्तू करायची आणि शेवटच्या दिवशी चार लोकांना बोलावून त्यांच्यादेखत तिच्यावर स्वतःच लाल फुली मारायची, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी रणपिसे.

काळेवाडीच्या चाळीत त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत होती. पिंपरीच्या एका कंपनीत ते तपासनीस, मी तिथंच टाइम ऑफिसात कारकून. मशिनवर झालेला नग त्यांच्या टेबलावर आला की ते व्हर्निअर लावून माप बघायचे. केसाएवढा फरक दिसला की लाल रंगाचा ब्रश उचलायचे आणि म्हणायचे, "टॉलरन्सच्या बाहेर." टॉलरन्स म्हणजे चालवून घेण्याजोगा फरक. कंपनीनं तो कागदावर दिलेला होता. रणपिसेंच्या स्वभावात तो मुळीच नव्हता.

व्हर्निअर खिशात घेऊनच ते घरी यायचे. एकदा जेवताना भाकरी उचलून म्हणाले, "शेवंता, ही एका बाजूला दोन मिलिमीटर जाड आहे." शेवंता वहिनींनी शांतपणे भाकरी परत घेतली आणि त्या दिवशी दुसरी वाढलीच नाही.

अशा माणसाला एका फॉर्मनं गाठलं. कंपनीनं सगळ्या कामगारांकडून माहिती मागवली होती. नाव, गाव, शिक्षण, आणि शेवटी एक रकाना: छंद. फॉर्म गोळा करायचं काम माझ्याकडं. रणपिसे त्या रकान्यावर येऊन थांबले.

"इथं काय लिहितात लोक?"

"वाचन, भजन, कुस्ती. काहीही लिहा की."

"काहीही कसं लिहू? खोटी एंट्री करू?"

फॉर्म तीन दिवस त्यांच्या खिशात फिरला. चौथ्या दिवशी माझ्या खिडकीशी आले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "अठरा वर्षं दुसऱ्यानं केलेलं मोजतोय, राव. माझ्या हातून एक वस्तू झाली नाही. अगोदर व्हायच्या."

"अगोदर म्हणजे?"

फॉर्म सरकवून ते निघून गेले. छंदाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काम चालू आहे.'

एक जानेवारीला त्यांच्या दारावर पुठ्ठा लागला. 'जॉब: चित्र. नग: एक. तपासणी: एकतीस तारीख, सायंकाळी साडेपाच.' दर महिन्याला एक वस्तू सुरू करून त्याच महिन्यात पुरी करायची, असं त्यांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. वीस तारखेपर्यंत सगळं ठीक असायचं. मग चाळीचं वातावरण बदलायचं. रणपिसे बोलायचे बंद व्हायचे. वहिनी आम्हाला हातानंच खुणा करायच्या, हळू बोला, बादली आपटू नका. पंचवीसनंतर तर समोरच्या खोलीतल्या आजी खोकलासुद्धा पदरात खोकायच्या.

जानेवारीचं चित्र नदीवरच्या पुलाचं होतं. आम्ही पंधराजण ओसरीत श्वास धरून उभे. रणपिसेंनी पट्टी लावली, डोळा बारीक केला. "पूल दीड डिग्री कललाय." फुली. फेब्रुवारीत बासरी केली. तिचं एक भोक टॉलरन्सच्या बाहेर गेलं. मार्चमध्ये मातीचं मुंडकं करायला घेतलं आणि नमुना म्हणून मला बसवलं. महिनाभर संध्याकाळी मी स्टुलावर आणि माझ्या नाकावर त्यांचं थंडगार व्हर्निअर. तपासणीला मुंडक्याचे दोन कान लहानमोठे निघाले. मी म्हटलं, "चुकलं वाटतं." त्यांनी माझे खरे कान मोजले. तेही लहानमोठे निघाले.

"म्हणजे पास?" लोक ओरडले.

"माप बरोबर आहे," रणपिसे म्हणाले. "पण बघा की, हा माणूस वाटतो का?" आणि त्यांनी माझ्या कपाळावर, म्हणजे त्या मातीच्या, लाल फुली मारली.

इथवर चाळीला ती करमणूक होती. एप्रिलमध्ये ती संपली.

चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत मोठा कार्यक्रम असे. त्या वर्षी स्टेज बांधायचं ठरलं होतं. कमिटीचा चिटणीस गुलाब साळवे रणपिसेंकडं आला. "भाऊ, मागचा पडदा तुम्ही रंगवा. तळ्यावर पाण्याला निघालेली माणसं पाहिजेत. बाया, पोरं, म्हातारे, सगळे."

माणसं म्हटल्यावर रणपिसेंचा चेहरा उतरला. ते नाही म्हणतील असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "तेरा तारखेला घेऊन जा."

शाळेच्या पडवीत मांजरपाट ताणून बांधलं. सरस, खडू, रंगाच्या पुड्या आल्या. कंपनी सुटली की रणपिसे थेट तिथं. चार दिवसांत त्यांनी असं तळं काढलं, की बघणाऱ्याला हात बुडवावासा वाटावा. वर उन्हाळ्याचं आभाळ, पायऱ्या, लांबवर डोंगर. गुलाब रोज चक्कर मारायचा.

"भाऊ, माणसं?"

"येतील."

अकरा तारखेला माणसं आली. मी बघायला गेलो. सगळी एका उंचीची. एकमेकांपासून सारख्या अंतरावर. हात अंगाला चिकटलेले, नजर समोर. पाण्याला निघालेली नव्हती ती, शिफ्टच्या हजेरीला उभी होती.

बारा तारखेला सकाळी पडवीत गलका ऐकू आला. धावत गेलो. रणपिसेंच्या हातात लाल रंगाचा डबा, समोर गुलाब आणि कमिटीची चार पोरं हात पसरून उभी.

"भाऊ, परवा कार्यक्रम आहे! आजूबाजूच्या वस्त्यांना निमंत्रणं गेलीत. फुली मारू नका, आम्ही तसाच लावतो."

"तसाच? हा रिजेक्ट माल? या दिवसाला?" रणपिसेंचा आवाज चिरकला. "बाजूला व्हा."

"नाही होणार."

त्यांनी डबा वर उचलला. त्यातले दोन थेंब फरशीवर पडले. एखादा धक्का लागला असता तर तळंच लाल झालं असतं. तेवढ्यात शेवंता वहिनी गर्दीतून पुढं आल्या. तपासणीच्या वेळी एक शब्द न बोलणारी ती बाई नवऱ्यासमोर उभी राहिली.

"फुली मारायची तर मारा. पण परवा स्टेजवर उभं राहून पडदा का नाही ते तुमीच सांगा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाहीतर चाकणला जा. कोंडिबाभावजींकडं."

ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रणपिसे खाली बसले. डबा वहिनींनी काढून घेतला.

अर्ध्या तासानं आम्ही दोघं भोसरीच्या नाक्यावर चाकणच्या एसटीची वाट बघत होतो. एकट्यानं जायची त्यांची हिंमत नव्हती. मी त्यांची आणि माझी रजा टाकली. मोशी मागं पडली. इंद्रायणीचा पूल लागला तसं रणपिसे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला माणसं येत नाहीत. कधीच येत नव्हती. आम्ही दोघं जलशाचे पडदे रंगवायचो. आभाळ, पाणी, घरं माझी. माणसं कोंडिबाची."

"मग?"

"बुधवारी जलसा होता. पडदा निम्मा झालेला. कंपनीचं पत्र आलं, सोमवारी हजर व्हा. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, दोन दिस थांब. म्हणून सांगितलंच नाही. पहाटेच्या एसटीनं निघून आलो."

"आणि नंतर?"

"नंतर लाज वाटली. लाजेत एक वर्ष गेलं. मग एका वर्षाची लाज झाली. ती वाढतच गेली."

चाकणच्या कांदा बाजारात ऊन चांगलंच तापलेलं. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एक काळासावळा, आडव्या बांध्याचा माणूस उकिडवा बसून पत्र्याच्या साच्यातून पोत्यांवर व्यापाऱ्याचा मार्का उठवत होता. रणपिसे त्याच्यापासून दहा हातांवर थांबले ते थांबलेच. शेवटी मीच पुढं झालो.

"कोंडिबा आपणच का?"

त्यानं माझ्या मागं पाहिलं. हातातला कुंचला तसाच राहिला. पोत्यावर शाईचा मोठा डाग पसरत गेला. मला वाटलं, आता हा उठेल आणि कानाखाली वाजवेल. हमाल काम थांबवून बघू लागले.

"लई वाळलास," कोंडिबा म्हणाला.

रणपिसेंनी मान खाली घातली. "कोंडिबा, मी त्या वेळी..."

"माझी मान्सं मी पुरी केलीती," कोंडिबा मध्येच म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच लागत होता. "रातचा दिस करून केली. आभाळ तेवढं र्‍हायलं. आमी तसाच लावला पडदा. लोक इचारायचे, वर कोरं का? म्या सांगायचो, आभाळवाला यायचाय."

  रणपिसेंनी एका दमात सगळं सांगितलं: तळं, माणसं, परवाचा कार्यक्रम. मागणं असं मागितलंच नाही. 

कोंडिबानं साचा बाजूला ठेवला, शाईचे हात पोत्याला पुसले. "किती मान्सं काढलीस?"

"चोवीस."

"समदी सारखी?"

"सगळी सारखी."

"व्हय, ठाऊक हाय मला." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "गेरू हाय का तिथं? न्हाईतर हितनं घेऊन जाऊ."

दुसऱ्या दिवशी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोंडिबानं रणपिसेंची चोवीस माणसं पुसली नाहीत. एकीच्या कमरेवर पोर दिलं, एकाला वाकवलं, एका म्हातारीला दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला लावला. हजेरीची रांग मोडली आणि माणसं चालू लागली. रणपिसे त्यांच्या पायांखाली सावल्या टाकत गेले. दोघांचं बोलणं एवढंच: "गेरू." "हां." "हिला पानी दाव." "हां." तीनच्या सुमारास रणपिसेंचा हात सवयीनं खिशाकडं गेला आणि व्हर्निअर बाहेर आलं. गुलाबचा चेहरा पांढरा पडला.

"त्यानं काय करतूस?" कोंडिबानं विचारलं.

"बघतो. अंतर."

"ह्या बाईला पानी प्यायचंय. तिला कशाला आडवतूस?"

रणपिसेंनी व्हर्निअर खिशात घातलं. पाच वाजता पडदा गुंडाळून पोरं वाजतगाजत घेऊन गेली. तपासणी राहिली ती राहिलीच, कोणी आठवणही काढली नाही.

जयंती पार पडली. पडद्याचं कौतुक झालं, पण तोवर कोंडिबा परत गेला होता. बाजार बंद ठेवता येत नाही म्हणाला. जाताना रणपिसेंनी त्याला एसटीत बसवलं, आणि गाडी हलल्यावर खिडकीच्या गजाला धरून चार पावलं बरोबर पळाले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी ते मला म्हणाले, "चाकणला येता का?" हातात रंगाच्या पुड्यांची पिशवी होती.

कोंडिबाच्या अंगणात, लिंबाच्या झाडाला आणि भिंतीतल्या खुंटीला बांधून, तो जुना पडदा उघडून ठेवलेला होता. अठरा वर्षांच्या घड्या पडलेल्या, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेला. खाली माणसंच माणसं, रंग अजून टिकून. वर मात्र सगळं कोरं मांजरपाट.

रणपिसे जवळ गेले आणि एका जागी थबकले. गर्दीत डाव्या अंगाला दोन तरुण पोरं होती. एक आडव्या बांध्याचं, काळंसावळं. त्यानं दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकलेला. दुसरं उंच, नुकती मिसरूड फुटलेलं, हातात कुंचला धरून वर बघत असलेलं. ते कोण आहे हे मला विचारावं लागलं नाही.

"हे कधी काढलंस?" रणपिसेंनी विचारलं. 

"तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिशी," कोंडिबा चुलीवरचा चहा गाळत म्हणाला. "मान्सांत एक कमी पडत व्हता."

रणपिसे आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. खांदे हलत होते. कोंडिबानं चहाचा कप त्यांच्याजवळ दगडावर ठेवला आणि शिडी आणायला गेला. मग रणपिसेंनी डोळे बाहीला पुसले, वाटीत निळा रंग कालवला आणि शिडी चढले. खाली कोंडिबानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.