वाळलं गवत आणि लाडाचे चणे

आईचं दूध सुटलेल्या सशाच्या पिल्लांना काय घालावं, हे मला विचारा! हवाई दलातून निवृत्त होऊन लखनौच्या इंदिरा नगरात राहिलो, रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि गच्चीवर मांसासाठी ससे पाळले. भरपूर वाळलं गवत, मोजकं गोळीखाद्य, स्वच्छ पाणी. बस्स! सशाचं आतडं चोथ्यावरच चालतं.

पण हे घरात मी कुणाला समजावलं का? छे! पुतण्याच्या लग्नाला नागपूरला निघताना दारातून नुसता हुकूम सोडला, "गवत आणि त्या गोळ्या. बाकी काही नाही!"

"अहो, आणि भूक राहिली तर?" बायकोनं, वसुधानं विचारलं.

"तर अजून गवत!"

"पापा, ये तो जेल है!" लेक स्वरदा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

मी नागपुरात पंगती झोडत होतो. इकडे वसुधानं गुपचूप भिजवलेले चणे घातले. तिच्या नकळत स्वरदानं कोबी आणि गाजरं घातली. शेजारच्या मिश्रा आंटी "बेचारे सूख गए हैं!" म्हणत ब्रेड घालून गेल्या. प्रत्येकीला वाटत होतं, हे पुण्य आपण एकटीच करतोय!

परतलो तर पिल्लांची पोटं ढोलकीसारखी! पिंजऱ्याखाली नुसती हगवण.

"काय घातलंत यांना?" मी ओरडलो.

ओरडा ऐकून मिश्रा आंटीही आल्या. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आई, तूने भी?"

जनावरांचे डॉक्टर धावत आले. "दाना, सब्जी, सब बंद! सूखी घास और पानी!"

तरी तीन पिल्लं गेलीच. शेवटचं वसुधाच्या मांडीवर, टॉवेलात गेलं. "मी मायेनंच घातलं हो," एवढंच ती म्हणाली. रागवणार कुणावर? गवतच का, हे सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती.

उरलेले ससे गवतावर सावरले, चांगले भरले. चिनहटचा एक ढाबेवाला न्यायला आला. एकाला उचलून खूश! "वाह! क्या खिलाते हैं, भाभीजी?"

"सूखी घास, भैया... सिर्फ घास..." आणि वसुधा हुंदके देऊन रडायलाच लागली!

ढाबेवाल्यानं ससा विस्तवासारखा खाली ठेवला. "रहने दीजिए, भाभीजी!" म्हणत तो जिना उतरलासुद्धा. मीही विरघळलो. मी जाहीर केलं, "रडू नकोस. नाही विकत एकही!"

वसुधानं डोळे पुसले. "का? मी त्या गेलेल्या पिल्लांसाठी रडत होते. हे विकू नका असं कधी म्हटलं मी?"

धावत जाऊन ढाबेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "माफ कीजिए साहब, भाभीजी की बद्दुआ कौन लेगा?"