लसणाला परदेशातून आलेले फोन

लसूण निर्यात विभागात चौकशी हीच मागणी मानली जाई. परदेशातून फोन आला की टेलिफोनवाल्या बाईंनी फळ्यावर एक रेघ ओढायची आणि रेघा पाहून संचालकांनी भाव ठरवायचा, अशी रीतसर कार्यपद्धती होती. पलीकडचा माणूस काय बोलला, हे लिहायला फळ्यावर जागा नव्हती.

यंदा मात्र संचालकांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या थोरल्या बहिणीचा सगळा लसूण विभागाच्या गोदामात पडून होता. कोंब फुटायच्या आत तेवढा बाहेर काढ रे बाबा, असं ताईने दहादा बजावलं होतं.

ताईला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून संचालकांनी भाव थोडा वाढवला. मागणी घटेल ही धास्ती होतीच, पण झालं भलतंच! घंटा थांबेना, फळा पुरेना. भाव वाढला की परदेशी मागणी वाढते, असा सिद्धांत विभागाने तातडीने मंजूर केला आणि भाव दुप्पट झाला. आता तर बाईंना जेवायलाही उठता येईना.

एकदा त्या दबकत म्हणाल्या, "साहेब, ते लोक विचारतायत, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"विचारतायत ना?" संचालक म्हणाले. "मग ओढा रेघ."

भाव तिप्पट झाला आणि फोन एकदम गप्प झाले. गिऱ्हाइकांनी केव्हाच शेजारच्या देशाचा लसूण उचलला होता. विभागाने 'मागणी पूर्ण झाली' असा शेरा मारून फळा पुसून घेतला.

मग ताई आली. कोंब फुटलेला एक गड्डा तिने भावाच्या टेबलावर ठेवला.

"एवढी मागणी होती, तर माझा माल अजून इथेच कसा?"

संचालक बिचारे मनापासून ओशाळले. शेवटी नाइलाजाने तोच लसूण, त्याच तिप्पट भावाने, 'खास निर्यातीचा' असा शिक्का मारून इथल्याच बाजारात काढला. दुपारच्या आत पोती रिकामी झाली, ताईचं नुकसान टळलं आणि संचालकांना बढती मिळाली.

रांगेत तुम्हीही होतात. मागच्याने कोंबांकडे बघून नाक मुरडलं, तेव्हा तुम्हीच त्याला समजावलंत, "अहो, बाहेर जाणारा माल आहे. ताजा आहे म्हणून तर वाढतोय."