दगडतुला

एका जंगलात, बाळांनो, दोन भाग होते. जंगलाचं नाव विचारू नका, ते दर राजागणिक बदलतं. खाली नदीकाठ आणि वर माळ. नदीकाठी पाणी होतं, कुरणं होती, जांभळं होती. माळावर दगड होते. आता तुम्ही म्हणाल, दगडांशिवाय आणखी काहीतरी असेलच की! होतं ना. मोठे दगड होते.

पूर्वी तिथे एका म्हाताऱ्या सिंहाचं राज्य होतं. तो सगळ्यांना सारखा मूठभर पाला वाटायचा. पाला वाळलेला असायचा, रांगेत उभं राहून पाय मोडून यायचे, आणि कुणी कुरकुर केली तर सिंह त्या कुरकुऱ्यालाच खायचा. पण मूठ मात्र सारखी असायची. मग म्हातारा गेला. नव्या मंडळींनी दवंडी पिटली, "आजपासून वाटप बंद! ज्याला जितकं जमेल तितकं त्यानं खावं. जंगल वाढलं पाहिजे!"

आणि वाढलं हो जंगल, खोटं कशाला बोलू? नदीकाठच्या मगरींना दुसरी हनुवटी आली. वाघ दिवसातून दोनदा जेवायला लागले. परदेशी रोहित पक्षी थव्यांनी आले, तेसुद्धा नदीकाठीच उतरले. माळावर उतरायला गेलं की पाय मोडायचे. जंगलाच्या वाढीचं कौतुक सातासमुद्रापार पोचलं. चार कोसांवरच्या माळावर ते पोचलं नाही, पण एवढी घाई करून कसं चालेल?

माळावर केरबा नावाचा साळिंदर राहायचा. घरात बायको सारजा. एकुलती एक लेक गोजरी, ती दोन वर्षांपूर्वी नदीकाठी कामाला गेली होती. काम काय, तर वाघांना दात कोरायला काटे पुरवायचे. वाघाचं जेवण झालं की गोजरीने पाठीचा एक काटा उपटून द्यायचा. एका काट्याला एक ओंजळ पाणी. साळिंदराला काटे पुन्हा येतात, नाही असं नाही. पण वाघांच्या भुकेच्या वेगाने येत नाहीत.

जाताना गोजरी म्हणाली होती, "आबा, तळ्याला पानी आलं की मी परत येते. येक दिस बी जास्त ऱ्हानार न्हाई."

तळं म्हणजे माळाच्या मधोमध एक कोरडा खड्डा होता. केरबा रोज सकाळी त्याच्या काठावर जाऊन बसायचा. का बसायचा, असं विचारलं तर चिडायचा.

अशात राजधानीतून योजना आली. जो भाग मागास ठरेल, त्याला नदीतून पाट काढून देणार! मागास कसं ठरवायचं? वजनावर. त्या भागातले सगळे प्राणी तराजूत चढवायचे, समोरच्या पारड्यात धोंडे टाकायचे, आणि धोंड्यांना डोक्यांनी भागायचं. डोईमागे तीन धोंड्यांच्या खाली आकडा आला, की पाट मंजूर.

माळावर आनंदीआनंद झाला. इतका सोपा पेपर आजवर कुणाला आला नव्हता!

"आपन तीन दिस उपास धरू," एक मुंगूस म्हणालं. "म्हंजी वजन आनखी कमी भरंल."

"सोडला कधी हुता?" ससा म्हणाला.

केरबाला मात्र वेगळीच काळजी लागली. मोजणीला प्रमुख पाहुणे म्हणून बापूसाहेब येणार होते. बापूसाहेब म्हणजे हत्ती, पाटखात्याचे कारभारी. त्यांचा जन्म माळावरचा. चार महिन्यांचे असताना आईच्या शेपटीला धरून नदीकाठी गेले, ते आता पहिल्यांदाच परत येत होते.

"येवढं मोठं पाव्हनं येनार," केरबा म्हणाला, "त्यास्नी रिकाम्या सोंडंनं पाठवायचं व्हय? माळाची अब्रू जाईल. आपन त्यांची तुला करू."

नदीकाठी थोरामोठ्यांच्या तुला व्हायच्या, बरं का. पाहुण्याला तराजूत बसवायचं आणि समोर त्याच्या वजनाइतका गूळ नाहीतर लाडू ठेवायचे. गोजरीनेच एकदा हे वर्णन सांगून पाठवलं होतं.

"कशानं करनार तुला?" सारजाने विचारलं. "गूळ बघितलाय का कधी?"

"दगड हाईत की!"

सारजाने कपाळावर हात मारून घेतला. "अवं, ते तहान बघाय येत्यात. त्यास्नी तहान दावा, थाट नगा दावू!"

शहाणी बाई. पण पाहुणा म्हटला की माळावरच्यांचं डोकं चालत नाही, हा तिथला जुना आजार आहे. दोन दिवस अख्खा माळ दगड ढकलत होता. केरबाच्या नाकाची सालं निघाली. टिटव्यांनी घाणेरीच्या फुलांचा हार गुंफला. सारजा तेवढी दाराशी तोंड फिरवून बसली होती.

मोजणीचा दिवस उजाडला. दोन गव्यांनी तराजू ओढत आणला. मोजणीदार होतं एक पाणमांजर. नुकतंच नदीतून निघालेलं, अंगावरून पाणी ठिबकत होतं. चार ससे मान वर करून त्याच्या शेपटीखाली उभे राहिले. आदर म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं. हसू नका रे.

अख्खा माळ पारड्यात चढला. डोकी चाळीस आणि धोंडे अडतीस. डोईमागे पुरता एक धोंडासुद्धा भरेना! केरबाचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हाडकुळेपणाचा अभिमान वाटला. तो तळ्याकडे बघून मनातल्या मनात म्हणाला, आता ये गं बाई घरी.

मग बापूसाहेब भाषणाला उभे राहिले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! लोक मला नदीकाठचा समजतात. साफ चूक! मी या माळाचाच आहे. या दगडांनी मला घडवलं. हेच ते तळं, इथेच मी डुंबायचो. तुम्ही अजून ते भरून टाकलेलं नाहीत, याचा मला फार आनंद होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात केरबाने वाजवल्या. मग तो हार घेऊन पुढे झाला.

"बापूसाहेब, गरिबाची येक इनंती हाय. तुमची तुला करू द्या."

"छे छे, कशाला, कशाला," असं म्हणत बापूसाहेब चढलेसुद्धा. पारडं धाडकन जमिनीला टेकलं. समोर दगड पडू लागले. शंभर झाले, तीनशे झाले, पाचशे झाले. सातशेव्या धोंड्याला बापूसाहेब जमिनीवरून उचलले गेले आणि माळाने जयजयकार केला. सगळा माळ वर बघत होता. पाणमांजर खाली बघून लिहीत होतं.

बापूसाहेब उतरले. पाणमांजराने घसा खाकरला.

"निकाल ऐका. एकूण धोंडे सातशे अडतीस. एकूण डोकी एक्केचाळीस. सरासरी डोईमागे अठरा. अभिनंदन! माळ प्रगत ठरला आहे."

कुणाला काही कळेना. केरबाला कळलं, आणि तो पाणमांजरासमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, काहीतरी घोटाळा झालाय. बापूसाहेब तर पाव्हनं हाईत!"

"पाहुणे कसे? मी या माळाचाच, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. टाळ्या कुणी वाजवल्या?"

"आमीच."

"तराजूत कुणी चढवलं?"

"मीच की. पर आता ते उतरल्यात न्हवं?"

"ते उतरलेत," पाणमांजर शांतपणे म्हणालं. "वजन लिहिलं गेलंय."

केरबा बापूसाहेबांच्या पायांशी धावला. बापूसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना गहिवरून आलं, खोटं नाही सांगत, सोंडेने त्यांनी डोळे पुसले. "माझं वजन जन्मभूमीच्या कामी आलं," ते म्हणाले, "यापरतं भाग्य कोणतं?" आणि गर्दी वाढायच्या आत निघून गेले.

पण खरी गंमत पुढेच आहे. बापूसाहेब माळावर मोजले गेले म्हणून नदीकाठच्या मोजणीत ते धरले नाहीत. नदीकाठची सरासरी भरली सतरा. राजधानीत खळबळ उडाली. नदीकाठ माळाच्या एक धोंडा मागे! दोन भागांतला असला असमतोल कोण सहन करील? पाट तर मंजूर झालेलाच होता. तो कुणाला तरी द्यायलाच हवा होता. तेव्हा नदीतून निघालेला पाट वळसा घेऊन नदीकाठालाच देण्यात आला. मगरींनी त्यात पाय सोडून बसायला घाट बांधून घेतला.

माळ पुढे गेला, अशी दवंडी नदीकाठी पिटली गेली. ती गोजरीने ऐकली. तिला वाटलं, पाणी आलं. तिने त्याच पावली काम सोडलं आणि चार कोसांचा चढ चढून ती घरी आली. पाठीवर मोजून अकरा काटे उरले होते. ती दाराशीसुद्धा थांबली नाही, थेट तळ्याकडे धावली.

केरबा तिथेच काठावर बसला होता.

"आबा, पानी कुठंय?"



मागून आलेली सारजा म्हणाली, "तुझ्या आबानं पाव्हन्याचा मान केला, पोरी." आणि तिने लेकीच्या उघड्या पाठीवर हात ठेवला. केरबा लहान मुलासारखा रडला. गोजरीने त्याला बोल लावला नाही, त्यामुळे तो आणखीच रडला.

पण तहान काही रडण्याने भागत नाही. आठ दिवसांनी गोजरी पुन्हा वाघाच्या दारात उभी राहिली, आणि या वेळी केरबाही बरोबर होता. वाघाने दर बदलला होता. आता एका ओंजळीला दोन काटे.

"मागास होतात तोवर आम्ही सवलत दिली," वाघ म्हणाला. "अठरा धोंड्यांच्या मंडळींना कसली सवलत?"

गोजरीच्या पाठीवर अकराच काटे होते, त्यांतला एकही आता देण्यासारखा नव्हता. केरबा तिच्या पुढे झाला, पाठ वळवून बसला आणि त्याने पहिला काटा उपटून दिला. वाघाने तो दाढेत घातला.

"काय हो केरबा," काटा फिरवता फिरवता वाघ म्हणाला, "तुमच्या माळानं फारच प्रगती केली म्हणे?"

"व्हय जी," केरबा म्हणाला, आणि त्याने दुसरा काटा उपटला.

तात्पर्य : बाळांनो, गरिबी हटवणं मुळीच अवघड नाही. आपल्यात एक हत्ती मोजून घ्यावा. आणि एवढं करूनही कुणाला तहान लागलीच, तर त्याने सरासरी प्यावी.