भावकीचे पाच तारे

जवळच्या कंपनीनं स्वतःचं कँटीन काढल्यापासून धर्माजींच्या चाकणच्या खानावळीत बाकडी जास्त आणि माणसं कमी झाली होती. आता सगळी आशा एका नव्या कंपनीच्या डब्यांवर होती. हे काम हुकलं तर धर्माजींना वॉचमनची नोकरी धरावी लागणार होती. तीही स्वतःच्याच जुन्या शेतावर उभ्या राहिलेल्या गोदामावर.

कंपनीच्या विजयश्री मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, "काका, आधी तुमचं ऑनलाइन रेटिंग बघणार. सोमवारी कळवते."

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या ओमनं वडिलांना विषय समजावला. "अण्णा, आता जेवण विकलं जात नाही. जेवणाची माहिती विकली जाते. गिऱ्हाईक आधी तारे बघतं, मग ताट."

"मंग मी भाकरी कशापायी थापू?" ओमची आई सारजाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "तारंच थापते की."

ओमनं भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी पाच तारे द्यावेत.' एक पैसा न गुंतवता भांडवल उभं राहू लागलं. काका, काकू, जावई, ज्यानं त्यानं पाच तारे दिले. ओमच्या हिशेबात एकच खर्च धरायचा राहिला होता. मानपान.

संध्याकाळी एक तारा पडला. एकच. देणारे बबनराव, धर्माजींचे थोरले चुलतभाऊ. खाली मजकूर होता, 'जेवण उत्तम. बोलवायची रीत नाही.'

धर्माजी तसेच त्यांच्या ओसरीवर गेले.

"दादा, ह्यो काय परकार?"

"लग्नाच्या अक्षता द्यायला घरी येतूस न्हवं? मंग ह्याला नुसता मेसेज? मी काय वाटंवरचा हाय?"

"चुकलं, दादा."

"चुकलंच."

दुसऱ्या दिवशी टोपी, टॉवेल आणि नारळ देऊन बबनरावांचा सत्कार झाला. धर्माजींनी शेजारी बसून आग्रहानं वाढलं. बबनरावांनी ढेकर दिली, पाच तारे केले आणि टोपी घातलेला आपला फोटो ग्रुपवर टाकला.

भावकीला अर्थशास्त्र शिकवावं लागत नाही. पाच देणाऱ्याला काही नाही आणि एक देणाऱ्याला टोपी-टॉवेल, हे सगळ्यांनी फोटोतच वाचलं. रविवारी दुपारपर्यंत ज्याचे त्याचे तारे उतरले. 'ठेचा झकास. आम्हाला विचारलं नाही.' 'आमटी एक नंबर. थोरल्या जावेला मान नाही.'

"अण्णा, मार्केट बसलं," ओम म्हणाला.

"टोप्या आणू का अजून?"

"आणाल हो. पण एकेका टोपीचा फोटो गेला की आणखी चार जण रुसतील."

सारजाबाईंनी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सोमवारी धर्माजी वॉचमनच्या गणवेशाचं माप द्यायला निघाले होते, तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"काका, बाकीच्या खानावळींना पाचच्या पाच तारे आहेत. सगळीकडे एकच वाक्य, आणि लिहिणाऱ्याला धड नाव नाही. असले तारे विकत मिळतात. तुमच्याकडे मात्र सगळे भांडतायत, आणि जेवणाला एकानंही नाव ठेवलेलं नाही. असा राग कोण विकत घेणार? महिनाभर डबे सुरू करा. मग कायमचं बघू."

धर्माजी शहाणे झाले. पहिल्या डब्यांची गाडी निघाली त्याच आठवड्यात ते घरोघर गेले, प्रत्येकाच्या हातात नारळ दिला, थोरल्या जावेला आधी, आणि सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं. पंगत बसली. मागचं सगळं मिटलं. माणसं हात धुऊन आली आणि प्रेमानं, एकमेकांच्या देखत, सगळ्यांनी जुन्या तक्रारी पुसून पाच-पाच तारे देऊन टाकले.

महिनाअखेरीस मॅडमचा पुन्हा फोन. आवाज कोरडा होता.

"काका, एका दिवसात सगळे पाच? जुन्या तक्रारी गायब? तुम्हीही विकत घ्यायला लागलात का? वरचे साहेब विचारतायत. उद्या पक्कं करायचं होतं."

"अहो मॅडम, ती आमची भावकी हाय. ती खूश झाली, एवढंच."

"भावकी खूश झाली, हे साहेबांना पटेल का?"

धर्माजींना स्वतःलाही पटेना. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि थेट बबनरावांची ओसरी गाठली.

"दादा, आता तुमचाच आधार. काम जातंय हातचं. आजच्या आज जरा रुसा."

बबनरावांची नजर धर्माजींच्या रिकाम्या हातांवर गेली आणि तिथंच थांबली.

"रुसा म्हणून सांगाय आलास," ते सावकाश म्हणाले, "आन असा मोकळ्या हातानं?"

धर्माजी काही बोलायच्या आत त्यांनी आतल्या दिशेनं हाक मारली, "अगं, माझा चष्मा आण. आन फोन."